मदनपुऱ्याचा विसरलेला उठाव

२२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या काळातील हा प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. मात्र त्याच प्लेगात, ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात जे घडले, त्याची आठवण आपण मुसलमानांनीही ठेवलेली नाही. पुण्याचा तो देशाभिमान आणि मदनपुऱ्याचा तो अडाणीपणा, अशी वाटणी का व्हावी?

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. त्याच्या आधारे घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रुग्ण बळाने हलवले जाऊ लागले, आप्तांची रवानगी छावण्यांत होऊ लागली. त्याच वर्षी हजयात्राही रोखण्यात आली.

मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेले जुलाहे, म्हणजे मोमीन विणकर राहत. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग बुडाल्यावर त्यांतील अनेकांनी मुंबई गाठली होती. त्या दिवशी तपासणी पथक एका आजारी मुलीला न्यायला आले. घरच्यांनी नकार दिला, मोहल्ला जमला. पोलीस आले, दगड पडले, गोळीबार झाला. दंगा शहरात पसरला आणि त्यात हिंदू कामगारही उतरले. म्हणजे हे केवळ एका जमातीचे धर्मवेड नव्हते.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात या घबराटीची उकल केली आहे. लोकांची भीती निव्वळ अंधश्रद्धेतून आली नव्हती. सरकारच्या धाकदपटशानेही ती वाढवली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यातले तर्कशास्त्र सोपे आहे. दारात शिपाई दिसला की घरातला रुग्ण लपवला जातो, बिऱ्हाड गावाकडे पळते, आणि साथही त्याच वाटेने पुढे जाते. शिवाय प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच मांडले होते. माणसे छावणीत गेली, उंदीर घरातच राहिले!

विलगीकरणाला इस्लामचा विरोध होता, असेही नाही. साथ असलेल्या मुलुखात जाऊ नये आणि तिथे असल्यास तिथून पळू नये, ही शिकवण हदीसमध्येच आहे. शाममध्ये ताऊन पसरल्याचे कळताच हजरत उमर (रजि.) सरहद्दीवरून माघारी फिरले होते. जुलाह्यांचा नकार औषधाला नव्हता, तर घराची अब्रू उंबऱ्याबाहेर ओढणाऱ्या हाताला होता. तरुण आगाखानांनी लोकांसमोर हाफकिनची लस टोचून घेतली, तेव्हा त्यांचे अनुयायी पुढे आले. पुढे सरकारनेही सक्ती सैल केली आणि जमातींच्या स्वतःच्या इस्पितळांना वाव दिला.

तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये कोरोनाच्या वेळी पुन्हा वापरला गेला. तेव्हा तबलिगी जमातीच्या निमित्ताने साऱ्या समाजावर बोट रोखले गेले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असण्याची शक्यता नोंदवली. निकाल आला खरा, पण तोवर भाजीवाल्यांची नावे विचारून झाली होती.

साथीला जात-धर्म नसतो. आरोपाला मात्र असतो. म्हणून मदनपुऱ्याचा इतिहास आम्हांला आमच्याच भाषेत, मराठीत, लिहून ठेवावा लागेल.