म्हातारपणाची काठी

आपल्या भाषेत मुलाला 'म्हातारपणाची काठी' म्हणण्याची रीत आहे. म्हातारपणी आधार लागतो आणि तो दुसऱ्या माणसाचाच असायचा, अशी समजूत ह्या शब्दप्रयोगात दडलेली आहे. श्रावणबाळाची कथाही तेच सांगते. अंध आईवडिलांना कावडीत बसवून तो तीर्थयात्रेला निघाला. महाराष्ट्र शासनाने वृद्धांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेला त्याचेच नाव दिले आहे. कथा सुंदर आहे, तिच्यातील मातृपितृभक्ती आदरणीय आहे. परंतु कावडीत बसलेली ती दोन वृद्ध माणसे स्वतः काय करू शकत होती, हे त्या कथेत कोणी विचारीत नाही. विसाव्या शतकात हाच प्रश्न सर्वांत आधी विचारणारी एक विद्या जगात उदयास आली. तिला ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार, असे म्हणतात. भारतात तिचे पहिले विद्यालय आपल्याच महाराष्ट्रात निघाले. तरीही बीड जिल्ह्यातील एखाद्या वस्तीवर अर्धांगवायूने खिळलेल्या आजीपर्यंत ती आजही क्वचितच पोहोचते. हे असे का झाले, ते समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

प्रथम नावाविषयी. 'व्यवसाय' म्हटले की आपल्याला नोकरी-धंदा आठवतो. ह्या शास्त्रातील अर्थ त्याहून व्यापक आहे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ते सारे त्याचे व्यवसायच होत: अंघोळ करणे, लुगडे नेसणे, घास तोंडाशी नेणे, भाकरी थापणे, गोठ्यात जाऊन जनावराला चारा टाकणे, ओसरीवर बसून शेंगा निवडणे. भौतिकोपचारतज्ज्ञ मुख्यतः सांध्यांची आणि स्नायूंची हालचाल सुधारण्याकडे लक्ष देतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो, ह्या हाताने आजींना कोणते काम करावयाचे आहे? मग कधी हात त्या कामासाठी तयार केला जातो, कधी कामाची पद्धत बदलली जाते आणि कधी घरच बदलून घेतले जाते.

ह्या विद्येचा आधुनिक जन्म एका घरात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जॉर्ज एडवर्ड बार्टन हा अमेरिकन वास्तुविशारद क्षयाने ग्रासला होता. पुढे त्याच्या पायावर शस्त्रक्रिया झाली आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या गावी त्याने सन १९१४ मध्ये एक घर घेतले आणि त्याला 'कन्सोलेशन हाउस', म्हणजे सांत्वनगृह, असे नाव दिले. तेथे सुतारकाम आणि बागकाम करीत त्याने स्वतःला पुन्हा उभे केले. मार्च १९१७ मध्ये त्याच घरात मोजकी माणसे जमली आणि ह्या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांसाठी ह्या नव्या विद्येची निकड भासली, आणि घरात जन्मलेली ही विद्या रुग्णालयांत राहावयास गेली. तिचा मुक्काम बहुतांशी तेथेच राहिला.

भारतात तिला आणणाऱ्या बाईंचे नाव कमला निंबकर. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात झाला. तेव्हाचे नाव एलिझाबेथ लंडी. क्वेकर पंथाचा आणि ह्या विचाराचा संबंध जुना आहे. इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक ह्या क्वेकर गृहस्थाने १७९६ साली मनोरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले, तेव्हा साखळदंडांच्या जागी त्याने त्यांच्या हाती काम दिले होते. विष्णू निंबकर ह्यांच्याशी विवाह करून एलिझाबेथ १९३० साली हिंदुस्थानात आल्या आणि कमला झाल्या. मुंबईत त्यांनी मुलांची शाळा चालवली. चाळिशी उलटल्यावर, दुसऱ्या महायुद्धानंतर, त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या आणि फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन परतल्या. १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी ह्या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याच्या दहा संस्थापक सदस्य राष्ट्रांत नुकताच स्वतंत्र झालेला आपला देश होता. कमलाबाई १९७९ साली निवर्तल्या. भारतातील पुनर्वसनकार्याचा त्यांनी लिहिलेला इतिहास पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. फलटणची एक नामांकित मराठी शाळा आज त्यांचे नाव मिरवते.

काम हेच औषध, हा विचार त्याच काळी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकालाही अंकुरला होता. वरोड्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आमटे ह्यांनी १९५१ साली आनंदवन उभे केले. झडलेल्या बोटांच्या हातांनी तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेते पिकली. तेथे कोणी ऑक्युपेशनल थेरपी हे नाव घेतले नसेल. परंतु भिक्षेने माणूस खचतो आणि कामाने सावरतो, ही त्या प्रयोगामागची श्रद्धा ह्या विद्येच्या गाभ्याशी अगदी जुळणारी होती.

आता बीडकडे वळू. परळला विद्यालय निघाले त्या १९५० साली बीड जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, तरी पुढील आठ वर्षे तो हैदराबाद राज्याचा भाग होता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९७४ साली अंबाजोगाई येथे, मुकुंदराजांच्या समाधीच्या गावी, वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. स्वामी रामानंद तीर्थ ह्यांचे नाव त्याला दिले आहे. मराठवाड्याच्या दृष्टीने ही मोठीच घटना होती. परंतु व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी शासकीय आणि महापालिकेची महाविद्यालये मात्र मुंबईतील केईएम, शीव व नायर ह्या रुग्णालयांत आणि नागपुरात एकवटली. दोन्ही टोकांना दिवे लागले. मधला मराठवाडा अंधारातच राहिला.

आणि नेमकी ह्याच जिल्ह्यात ह्या विद्येची गरज वेगळ्या प्रकारची आहे. बालाघाटाच्या डोंगराळ, कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या ह्या जोडीलाच तेथे 'कोयता' म्हणतात. उन्हाळा तोंडावर आला की ती परततात. पाच-सहा महिने गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि दावणीची जनावरे. म्हणजे जिला आपण म्हातारपणाची काठी म्हणतो, ती वर्षातील अर्धा काळ परमुलखात ऊस तोडीत असते. शिवाय ही आजी-आजोबा मंडळी नुसती सांभाळून घ्यावयाची माणसे नसतात. त्या काळात घर तीच सांभाळतात. आजीच्या हाताला भाकरी थापता आली नाही तर नातवाच्या डब्यात भाकरी नसते. मग एखादी मोठी नात शाळा सोडून चुलीपाशी बसते, किंवा ती आईवडिलांबरोबर उसाच्या फडात जाते. अशा घरात अपंग वृद्धाच्या एका हाताची हालचाल हा तीन पिढ्यांचा प्रश्न असतो.

अशा घरी व्यवसायोपचारतज्ज्ञ आला तर काय करील? तो आधी उंबऱ्यापाशी थांबेल. जुन्या माळवदाच्या घरांचा उंबरा उंच असतो. लुळा पाय तेथे अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडण्याची वेळ येते. दोन्ही बाजूंनी दगड-मातीचा उतार घातला की तो धोका पुष्कळ कमी होतो. बाज फार खाली असेल तर तिच्या पायांखाली विटा रचून ती गुडघ्याच्या उंचीला आणावी लागते, म्हणजे उठताना दुसऱ्याचा हात लागत नाही. उकिडवे बसणे अशक्य झालेल्या माणसासाठी मधोमध भोक पाडलेली साधी खुर्ची शौचालयावर ठेवता येते. न्हाणीच्या भिंतीला धरावयास दांडी बसवता येते. चूल किंवा शेगडी ओट्यावर घेतली तर आजींना बसून-उठून श्रमावे लागत नाही. परातीखाली ओले फडके अंथरले की ती सरकत नाही आणि एका हाताने पीठ मळता येते. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला की आखडलेल्या बोटांत तो बसतो. अंगरखा घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा आणि काढताना आधी चांगला हात काढावा. एवढा साधा नियम ठाऊक नसल्यामुळे कितीतरी माणसे वर्षानुवर्षे दुसऱ्याकडून कपडे घालून घेतात.

आणि काठी? तिचेही शास्त्र आहे. माणूस ताठ उभा राहिला आणि हात सैल सोडला, तर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी आली पाहिजे. ती अधू पायाच्या बाजूला धरावी असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावयाची असते आणि अधू पायाबरोबर पुढे टाकावयाची असते. फार लांब किंवा फार आखूड काठी तोल सावरण्याऐवजी बिघडवते.

ह्या गोष्टी केवळ सदिच्छेच्या नाहीत, त्यांची कसोटीही लागली आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे पक्षाघात होऊनही रुग्णालयात दाखल न झालेल्या १८५ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी व्यवसायोपचारतज्ज्ञ गेले, ते रुग्ण दैनंदिन कामांत अधिक स्वावलंबी झाले आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांवरील ताणही कमी झाला. जेथे कमलाबाई शिकल्या त्या फिलाडेल्फियात सत्तर वर्षांवरील ३१९ व्यक्तींचा अभ्यास झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. थोड्याशा घरभेटी आणि घरातील लहानसहान बदल एवढ्यानेच त्यांच्या अडचणी घटल्या, विशेषतः अंघोळीच्या आणि शौचाच्या.

आपल्या देशातील अनुभव अधिक विचार करावयास लावणारा आहे. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० पक्षाघातरुग्णांवरील एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ अपुरे आहेत, तेव्हा घरच्याच एका माणसाला शिकवून त्याच्याकडून पुनर्वसनाचे काम करून घ्यावे, अशी त्यामागील कल्पना होती. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या कुटुंबांतील रुग्णांच्या स्थितीत फरक आढळला नाही. दोन्हीकडे जवळजवळ निम्मे रुग्ण मृत्यू पावलेले किंवा परावलंबी होते. आपल्या घरांत माया कमी नाही. पण माया तज्ज्ञाची जागा घेऊ शकत नाही, इतके तरी त्यावरून समजावे. उलट, मायेपोटी आपण आजींच्या तोंडात घास भरवतो, त्यांना उचलून नेतो, हातातले काम काढून घेतो, आणि उरलीसुरली शक्तीही न वापरल्याने गंजून जाते.

शासनाने ह्या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १९९५ साली अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा झाला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले. २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, श्रवणयंत्रे मिळू लागली. २०२१ साली व्यवसायोपचारासह इतर सहयोगी आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत झाला. परंतु वस्तू देणे निराळे आणि ती त्या घरात, त्या माणसाच्या हाती चालती करणे निराळे. उंबऱ्याच्या पलीकडे जाऊ न शकणारी चाकाची खुर्ची शेवटी धान्याची पोती ठेवण्याच्या कामी येते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतील सुमारे एक-पंचमांश साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांच्या उंबऱ्यापर्यंत कोणी जावयाचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. गावोगाव आशा कार्यकर्त्या आहेत. जिल्ह्याला निदान काही व्यवसायोपचारतज्ज्ञ नेमून त्यांनी फिरतीवर राहावे, आशांना हाताशी घ्यावे आणि घरे पाहून सल्ला द्यावा, एवढी व्यवस्था आवाक्याबाहेरची वाटत नाही.

तोवर आपण काय करावे? आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांना भेटावयास जाण्याची जुनी आणि चांगली प्रथा आहे. आपण फळे नेतो, प्रार्थना करतो, धीर देतो. त्याबरोबर एक प्रश्नही न्यावा. "आजी, तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करावेसे वाटते?" उत्तर कदाचित अगदी लहान असेल: स्वतः वेणी घालावी, दारातल्या तुळशीला पाणी घालावे, नातवाला एक भाकरी करून द्यावी. त्या उत्तरापासूनच ह्या विद्येचा आरंभ होतो. मुलगा ऊस तोडावयास गेला असेल, तो चैत्रात परत येईल. तोवर निदान आजीच्या हातातली लाकडी काठी तरी तिच्या मापाची आहे ना, एवढे आपण पाहू शकतो.