वकील करू का, भाऊजी?

परवा रात्री गावाकडून वहिनींचा फोन आला. सख्ख्या नव्हेत, शेजारच्या. त्यांच्या यजमानांची पिठाची गिरणी होती. चार महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून घरी येताना मागून आलेल्या कारने उडवलं. वय अडतीस. आता विमा कंपनीचे एक साहेब घरी येऊन गेले. पाच लाख लगेच मिळतील, कोर्टकचेरी नको, वकिलाचे पैसे वाचतील, सही करा, असं सांगून कागद ठेवून गेले.

"वकील करू का, भाऊजी?" वहिनींचा प्रश्न एवढाच.

मी वकील नव्हे. जुने कायदे चाळायची खोड मात्र आहे, म्हणून त्या रात्री तेच घेऊन बसलो.

आपल्याकडे अपघाती मृत्यूच्या भरपाईचा पहिला कायदा १८५५ चा. इंग्लंडच्या १८४६ च्या कायद्यावरून बेतलेला. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. या कायद्याने हक्क दिला खरा, पण तो बजावायचा दिवाणी कोर्टात. मागाल त्या रकमेच्या हिशोबाने कोर्ट फी भरा, समोरच्याची चूक सिद्ध करा, आणि मग वर्षानुवर्षं थांबा. वकिलाशिवाय हे कोण करणार?

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला आणि १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आणली. हेतू हाच, की घरातला कर्ता गेलेल्या माणसाला स्वस्तात आणि लवकर दाद मिळावी. पण दावा लावायची मुदत किती, तर साठ दिवस! तेरावं-चौदावं उरकून माणूस भानावर येईपर्यंत ती संपायची. पुढे सहा महिने झाली, १९९४ साली मुदतच काढून टाकली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिने परत आले (अंमल १ एप्रिल २०२२ पासून). वहिनींचे त्यातले चार गेलेत.

न्यायाधिकरण आलं तरी वकील काही सुटला नाही. १९७७ साली, मुंबई हायकोर्टातून वर गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ड्रायव्हरचा निष्काळजीपणा इथेही सिद्ध करावाच लागेल. १९७९ चं एक प्रकरण तर वाचवत नाही. हरियाणात सरकारी बसखाली कर्ता माणूस गेला. विधवेने आणि मुलीने कोर्ट फी माफ करून मागितली, तर खुद्द सरकारच त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथे हरलं, हे बरंच झालं.

१९८२ पासून, चूक कोणाची हे न विचारता ठरावीक रक्कम द्यायची पद्धत आली. मृत्यूला पंधरा हजार. १९८८ च्या कायद्यात पंचवीस, १९९४ मध्ये पन्नास हजार आणि २०१९ च्या दुरुस्तीत पाच लाख. साहेबांचे पाच लाख ते हेच. चूक सिद्ध करायची नाही म्हणजे वकील नको, इतपत साहेबांचं बरोबर. पण त्याच दुरुस्तीत एक वाक्य आहे: ही रक्कम विमा कंपनीकडून तडजोडीत स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. ते वाक्य साहेबांनी सांगितलं नव्हतं.

मग मी कागदावर हिशोब मांडला. सुप्रीम कोर्टाने २००९ साली आणि पुन्हा २०१७ साली त्याची रीत घालून दिली आहे. गिरणीचे महिन्याला पंधरा हजार धरले. चाळिशीच्या आतला, स्वतःचा धंदा असलेला माणूस, म्हणून भविष्यातल्या वाढीचे चाळीस टक्के घालायचे: एकवीस हजार. बायको, दोन मुलं, आई असे चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १५,७५०. वर्षाचे १,८९,०००. छत्तीस ते चाळीस वयाला गुणक पंधरा. झाले २८,३५,०००. अर्थात कारवाल्याची चूक सिद्ध झाली तर, आणि ते पंधरा हजार कोर्टाला पटले तर.

सकाळी वहिनींना फोन केला. तालुक्याचा एक वकील म्हणे मिळतील त्यातले पंचवीस टक्के मागत होता. अमेरिकेत हे सर्रास चालतं, आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला असा वाटा घ्यायला बंदी आहे. त्याला नमस्कार करा म्हटलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईमाणसाला, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे सोमवारी जा. एफआयआरची नक्कल, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, बँकेचं पासबुक बरोबर न्या. सही कुठेच करू नका.

"आणि गिरणीची लाइट बिलं? किती दळण व्हायचं ते त्यावरून दाखवता येईल."

"सगळी आहेत," वहिनी म्हणाल्या. "तारेला अडकवून ठेवायचे. मीच म्हणायचे, फेका ती रद्दी."