‘खाट रिकामी नाही’ : एका रात्रीचा आणि बत्तीस वर्षांचा प्रवास

सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्री-अपरात्री जाण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांपैकी अनेकांनी एक वाक्य ऐकलेले असते : ‘खाट रिकामी नाही, दुसरीकडे न्या.’ हे वाक्य भारताच्या घटनात्मक इतिहासात कसे शिरले, त्याची ही हकीकत. तिची सुरुवात बंगालमधील एका लहानशा रेल्वे स्थानकावर होते.

८ जुलै १९९२. संध्याकाळचे पावणेआठ. मथुरापूर हे कलकत्त्याच्या दक्षिणेकडील उपनगरी मार्गावरचे स्थानक. तेथे धावत्या गाडीतून एक माणूस खाली पडला. तो पश्चिम बंग खेत मजदूर समिती या शेतमजुरांच्या संघटनेचा सदस्य होता. डोक्याला जबर मार लागला आणि मेंदूत रक्तस्राव झाला. सोबतच्यांनी त्याला गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथे अशा जखमेवर उपचार करण्याची सोय नव्हती. वैद्यकीय अधिकाऱ्याने डायमंड हार्बरच्या उपविभागीय रुग्णालयात किंवा अन्य कोणत्याही सरकारी रुग्णालयात जाण्यास सांगितले. जखमीला घेऊन मंडळी कलकत्त्याला निघाली.

पुढचा घटनाक्रम न्यायालयीन नोंदीत वेळेसह उतरला आहे. तो तसाच वाचावा.

रात्री ११.४५. सियालदह स्थानकाजवळचे नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय. येथे जखमीला तपासले गेले, कवटीचे दोन एक्स-रे काढले गेले आणि त्यांत गंभीर इजा दिसली. तातडीने दाखल करावे, अशी शिफारसही डॉक्टरांनी केली. पण शस्त्रक्रियेच्या तातडीच्या वॉर्डात खाट नव्हती आणि नेहमीचा वॉर्डही भरलेला होता.

रात्री १२.२०. कलकत्ता मेडिकल कॉलेज, १८३५ साली स्थापन झालेली नामांकित संस्था. खाट रिकामी नाही.

रात्री १. शंभुनाथ पंडित रुग्णालय. कान-नाक-घसा आणि मेंदूविकार यांचा तातडीचा विभाग येथे नसल्याने एखाद्या अध्यापन रुग्णालयात न्यावे, असा सल्ला मिळाला. अध्यापन रुग्णालये म्हणजे जेथून ते नुकतेच परतले होते, त्याच प्रकारची.

रात्री २. कलकत्ता नॅशनल मेडिकल कॉलेज. खाट रिकामी नाही.

सकाळी ८. बांगूर न्यूरॉलॉजी संस्था. आता सोबत सीटी स्कॅन होता, खासगी रुग्णालयात १,३१० रुपये भरून काढलेला. तो पाहून डोक्याच्या पुढच्या भागात रक्तस्राव असल्याचे निदान झाले. ही तातडीची केस आहे आणि ती येथे हाताळता येणार नाही, असे सांगण्यात आले.

सकाळी १०. एसएसकेएम रुग्णालय. मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नाही.

चौदा तास उलटून गेले होते. प्राथमिक आरोग्य केंद्र धरून सात सरकारी दारे झाली होती. अखेरीस आठव्या ठिकाणी, कलकत्ता मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूट या खासगी रुग्णालयात, त्याला दाखल करून घेण्यात आले. ९ ते २२ जुलै या काळात उपचार झाले, सुमारे १७,००० रुपये खर्च झाला आणि माणूस वाचला. तो वाचला म्हणूनच पुढे आपल्या संघटनेसोबत सर्वोच्च न्यायालयात याचिकाकर्ता म्हणून उभा राहू शकला. अशा रात्री ज्यांचा मृत्यू होतो, त्यांच्या वेळा सहसा कोणी मांडून ठेवत नाही.

ही प्रतीक्षा नेमकी कशासाठी होती, हे पाहायला हवे, कारण तातडीच्या उपचारांतील सर्वच प्रतीक्षा अन्यायाची नसते. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक-जाँ लारे याने रणांगणावर एक नियम रूढ केला : ज्याची जखम अधिक धोक्याची, त्याच्यावर आधी उपचार, मग त्याचा हुद्दा काहीही असो. आजच्या ‘ट्रायाज’ची मुळे तेथे शोधली जातात. हात मोडलेला माणूस तासभर बाकावर बसतो आणि त्याच्यानंतर आलेला हृदयविकाराचा रुग्ण आत जातो, तेव्हा हाच नियम चालू असतो. बाकावरच्या माणसाला राग येतो आणि तो स्वाभाविकही आहे, पण त्या थांबण्यामागे कोणीतरी त्याला पाहिलेले असते आणि त्याचा क्रम ठरवलेला असतो. कलकत्त्यातील त्या रात्री हा क्रमच उलटा झाला. जखम जितकी गंभीर ठरत गेली, तितके दार घट्ट होत गेले. एक्स-रे काढल्यावर खाट नव्हती आणि स्कॅन पाहिल्यावर तर ‘हे आमच्या आवाक्यातले नाही’ असे उत्तर आले.

अपघातग्रस्ताला दारातून परत पाठवण्याची प्रथा याआधीही सर्वोच्च न्यायालयासमोर आली होती, पण तेव्हा कारण निराळे होते. एका स्कूटरस्वाराला भरधाव मोटारीने उडवले. वाटेतल्या एका माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात पोहोचवले. तेथील डॉक्टरांनी त्याला दाखल करून घेण्यास नकार दिला आणि ‘मेडिको-लीगल’ प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेल्या, सुमारे वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात नेण्यास सांगितले. जखमी वाटेतच दगावला. ‘हिंदुस्तान टाइम्स’मध्ये ही बातमी आली. तिच्या मथळ्याचा आशय असा होता की, कायदाच जखमींना मरायला मदत करतो. परमानंद कटारा या वकिलांनी त्या बातमीच्याच आधारे याचिका दाखल केली.

२८ ऑगस्ट १९८९ रोजी न्या. रंगनाथ मिश्र आणि न्या. जी. एल. ओझा यांच्या खंडपीठाने निकाल दिला. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे त्याचे व्यावसायिक कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबवता येणार नाही. पंचनामा, जबाब, नोंद हे सारे नंतर. डॉक्टरांना साक्षीसाठी विनाकारण खेटे घालायला लावू नयेत, असेही न्यायालयाने पोलिसांना आणि न्यायसंस्थेला सुनावले. निकालाची प्रसिद्धी दूरदर्शन आणि आकाशवाणीवरून करावी आणि त्याच्या प्रती वैद्यकीय महाविद्यालयांना पाठवाव्यात, असा आदेशही होता. लोकांना कळले नाही तर निकाल कागदावरच राहील, ही जाणीव त्यामागे असावी.

१९८९ च्या निकालाने पोलिसांच्या कागदाची अडचण दूर केली, निदान कायद्यापुरती तरी. तीनच वर्षांनी मथुरापूरच्या जखमीसमोर जी अडचण उभी राहिली, तिच्यावर मात्र या निकालात उत्तर नव्हते. कलकत्त्यात कोणी पंचनामा मागितला नव्हता. डॉक्टर तपासत होते, एक्स-रे काढत होते, शिफारस लिहीत होते. नव्हती ती खाट, आणि खाट आहे कोठे, याची माहिती.

खाटांचा दुष्काळ जुना होता. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ मध्ये, भोर समितीने ब्रिटिश भारतात दर हजार लोकसंख्येमागे ०.२४ खाटा असल्याची नोंद केली होती, तर इंग्लंड-वेल्ससाठी हाच आकडा ७.१४ होता. समितीने सुचवलेली रचना पायरीपायरीची होती : खाली प्राथमिक केंद्र, त्यावर मधल्या फळीतील रुग्णालय आणि वर जिल्ह्याचे सुसज्ज रुग्णालय. १९९२ च्या त्या रात्री खालची पायरी रिकामी निघाली, मधल्या पायरीवर कोणी भरवसा ठेवला नाही आणि सारा भार महानगरातील वैद्यकीय महाविद्यालयांवर आला. ग्रामीण आरोग्यकेंद्रातील उणीव शेवटी शहरातील अपघात विभागाच्या टेबलावर येऊन पडते, ती अशी. टेबलामागे बसलेला तरुण डॉक्टर त्या उणिवेचा कर्ता नसतो, पण नातेवाइकांना समोर दिसतो तो एकटाच.

याचिका दाखल झाल्यावर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती लीलामय घोष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल २१ मार्च १९९५ चा आहे. समितीने काही रुग्णालयांतील अधिकाऱ्यांची जबाबदारी निश्चित केली, पण तिचे खरे महत्त्व उपायांमध्ये आहे. अत्यवस्थ रुग्णाला खाट नसली तरी परत पाठवू नये. गरज पडल्यास जमिनीवर किंवा ट्रॉलीवर ठेवावे आणि तातडीचे नसलेले रुग्ण असलेल्या वॉर्डातून खाट उसनी घ्यावी. ‘उसनी खाट’ हा शब्दप्रयोग एखाद्या चाळीतल्या व्यवहारासारखा वाटतो, पण त्यातच शहाणपण आहे. वॉर्ड भरलेला असतो तेव्हाही रुग्णालय क्वचितच पूर्ण भरलेले असते.

दुसरी शिफारस होती मध्यवर्ती खाट कार्यालयाची. वायरलेस किंवा तत्सम साधनांनी सज्ज असे एक केंद्र असावे. एखादे रुग्णालय खरोखरच हतबल झाले तर त्याने या केंद्राशी संपर्क साधावा आणि रुग्ण कोठे दाखल होईल, हे केंद्राने ठरवावे. ही शिफारस १९९२ च्या रात्रीसमोर ठेवून पाहिली की तिचा अर्थ उलगडतो. सियालदह, कॉलेज स्ट्रीट, भवानीपूर, पार्क सर्कस आणि पुन्हा भवानीपूरची बाजू, असा तो प्रवास नकाशावर आखला तर रेषा एकमेकींना छेदत जातात. खाट कोठे आहे, हे शोधण्याचे काम रक्तबंबाळ माणसाच्या सोबत्यांना, रात्री, दारोदार जाऊन करावे लागले. जे काम बिनतारी संदेशाने होण्याजोगे होते, त्यासाठी जखमी देहच निरोप्या म्हणून शहरभर फिरवला गेला.

६ मे १९९६ रोजी न्या. एस. सी. अग्रवाल आणि न्या. जी. टी. नानावटी यांनी निकाल दिला. सरकारी रुग्णालयाने गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे त्यांनी नमूद केले. पैशाची अडचण हे कारण न्यायालयाने मान्य केले नाही. त्यासाठी आधार घेतला गेला तो बिहारमधील खत्री प्रकरणाचा, म्हणजे भागलपूरमध्ये पोलिसांनी कैद्यांचे डोळे फोडल्याच्या खटल्याचा. गरीब आरोपीला मोफत वकील देण्याचे कर्तव्य आर्थिक चणचणीच्या सबबीखाली टाळता येत नाही, असे तेथे ठरले होते. मग जीव वाचवण्याचे कर्तव्य तरी कसे टाळता येईल, हा यातला युक्तिवाद. भागलपूरचे कैदी आणि मथुरापूरचा शेतमजूर एका परिच्छेदात भेटतात, हे भारतीय न्यायेतिहासातले फारसे चर्चेत नसलेले वळण आहे.

न्यायालयाने आरोग्य केंद्रे सुसज्ज करण्यास, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांचा दर्जा वाढवण्यास, रुग्णवाहिकांत उपकरणे व प्रशिक्षित माणसे ठेवण्यास आणि खाटांची माहिती देणारी मध्यवर्ती संपर्कयंत्रणा उभारण्यास सांगितले. इतर राज्ये पक्षकार नसली तरी त्यांनीही अशी पावले उचलावीत, हेही स्पष्ट केले. भरपाई ठरली २५,००० रुपये. त्यांपैकी १५,००० रुपये देण्याचा अंतरिम आदेश १९९४ मध्येच झाला होता, उरलेले १०,००० महिन्याभरात द्यायचे होते.

या निकालानंतर काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००६ मध्ये विधी आयोगाने आपल्या २०१व्या अहवालात तातडीच्या उपचारांचा प्रश्न हाती घेतला. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि अनेक तालुक्यांत पहिल्यांदाच फोन केल्यावर दाराशी गाडी येऊ लागली. रुग्णालयापर्यंतचे अंतर खरोखर कमी झाले. रुग्णालयात पोहोचल्यावरचे अंतर मात्र बऱ्याच ठिकाणी तसेच राहिले.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आला. मेंदूशल्यचिकित्सक उपलब्ध नव्हता. दुसरीकडे न्यावे लागेल, असे कर्तव्यावरील निवासी डॉक्टरने सांगितले. जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा तेव्हा सात वर्षांचा होता. त्या महिन्यात राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले आणि वाद सुरक्षारक्षकांच्या संख्येभोवती फिरत राहिला. डोक्याची जखम आणि मेंदूशस्त्रक्रियेची सोय नसणे : हे १९९२ च्या सकाळी दहाच्या नोंदीचेच शब्द होते. फरक एवढाच की कलकत्त्यातील माणसे न्यायालयात गेली आणि धुळ्यातील जमावाने समोरच्या डॉक्टरवर हात टाकला. त्या मारहाणीचे समर्थन कोणी करू नये. पण मेंदूशल्यचिकित्सक का नव्हता, हा प्रश्न रक्षकांच्या चर्चेत मागे पडला, हेही इतिहासात नोंदवायला हवे.

आणखी सात वर्षांनी गोष्ट पुन्हा कोलकात्यात परतली, तोवर शहराचे नाव बदललेले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. त्यानंतर उसळलेल्या आंदोलनात कनिष्ठ डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्ये धर्मतला येथे बेमुदत उपोषण आरंभले. त्यांच्या दहा मागण्यांत न्याय आणि सुरक्षितता तर होतीच, पण आणखी दोन मागण्या होत्या : रुग्णाला एका रुग्णालयातून दुसरीकडे पाठवण्यासाठी मध्यवर्ती रेफरल व्यवस्था, आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात रिकाम्या खाटांची संख्या दाखवणारा डिजिटल फलक. ‘खाट रिकामी नाही’ हे वाक्य उच्चारण्याची वेळ ज्यांच्यावर येते, तेच आता खाटांचा हिशेब उघड करा म्हणून उपाशी बसले होते.

त्याच महिन्यात सरकारने मध्यवर्ती रेफरल व्यवस्थेचा प्रयोग सुरू केला, तो दक्षिण २४ परगणा जिल्ह्यात. मथुरापूर स्थानक याच जिल्ह्यात आहे.