तळटीप ७ : ‘डिजिटल बॅक’

७. जुन्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्याचा फिल्मचा डबा मागून निघतो. त्या जागी बसणारी सेन्सरची पेटी म्हणजे ‘डिजिटल बॅक’. कॅमेरा तोच, लेन्स तीच, फक्त पाठ नवी. हॅसलब्लाडची ‘सीएफव्ही टू ५०सी’ १९५७ पासूनच्या त्यांच्या बहुतेक व्ही मालिकेच्या कॅमेऱ्यांना लागते. फिल्मची चौकट ५६ × ५६ मिमी, सेन्सर मात्र ४३.८ × ३२.९ मिमी. बल्लारपूर किल्ल्याचा दरवाजा चौकटीत घ्यायला लेखकाला इतके मागे का सरकावे लागले, ते यावरून कळेल : ८० मिमीची लेन्स इथे ११५च्या आसपासची होऊन बसते. ४ × ५ इंची लाकडी कॅमेऱ्यावर तर सेन्सर फिल्मच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढा. शिवाय घासलेल्या काचेवरची उलटी प्रतिमा कितीही रेखीव दिसली, तरी सेन्सर नेमका त्याच प्रतलात हवा. केसभर फरकानेही दगडांच्या कडा मऊ पडतात. उन्हाळ्यात इकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेल्या सेन्सरमुळे सावल्यांत रंगीत दाणे उमटतात, म्हणून या प्रकरणातली छायाचित्रे भल्या सकाळची आहेत. घरात आजोबांचा असा कॅमेरा पडून असेल, तर कृपया तो भंगारात देऊ नका.