ब्लायबरोचे होली ट्रिनिटी चर्च

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफक परगण्यात ब्लाइद नदीच्या खाडीकाठी असलेले एक ग्रामीण पॅरिश चर्च. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपविलेला धार्मिक विभाग; त्यातील रहिवाशांचे बाप्तिस्मा, विवाह व दफन हे विधी तेथील चर्चमार्फत होत. ब्लायबरोचे चर्च भोवतालच्या दलदलीवर दुरूनच नजरेत भरते आणि गावाच्या मानाने फारच मोठे आहे. त्यामुळे त्यास ‘दलदलीतील कॅथीड्रल’ असे म्हटले जाते. तथापि त्याचे खरे महत्त्व अंतर्भागात आहे. मध्ययुगीन उपासनेसाठी घडविलेल्या सजावटीपैकी नंतरच्या धार्मिक संघर्षात काय नष्ट झाले आणि काय कशामुळे वाचले, हे येथे एकाच वास्तूत पाहावयास मिळते.

मध्ययुगात ब्लायबरो हे बंदर व बाजारपेठ म्हणून भरभराटीस आलेले होते. तेथे ऑगस्टीनियन पंथाचा एक मठ होता. चौथ्या हेन्रीच्या कारकीर्दीत, १४१२ मध्ये, पुनर्बांधणीस अनुमती मिळाली आणि जुना मनोरा तसाच ठेवून त्या शतकात सध्याचे चर्च उभे राहिले. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली, आठव्या हेन्रीच्या काळात मठही विसर्जित झाला. एवढ्या मोठ्या इमारतीचा भार वाहण्याचे सामर्थ्य गावात उरले नाही.

आत शिरताच प्रथम जाणवतो तो प्रकाश. मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंस कमानींच्या रांगा असून त्यांच्यावरील भिंतीत, छताच्या लगत, प्रत्येक बाजूस अठरा खिडक्यांची सलग ओळ आहे. या खिडक्यांतील रंगीत काच जवळजवळ सर्वच नाहीशी झाली; माथ्याच्या जाळीत तिचे काही तुकडे शिल्लक आहेत. मूळ बांधणीत प्रकाश रंगीत होऊन खाली येत असे. आजचा लख्ख, पांढरा उजेड हा एका परीने विध्वंसाचाच परिणाम होय, हे पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

छत लाकडी व कमी उताराचे आहे. त्याच्या आडव्या तुळयांच्या मध्यावर, पाठीला पाठ लावून, पंख पसरलेले लाकडी देवदूत कोरलेले असून त्यांच्या हातांत ढाली आहेत. तुळयांवर व वाशांवर फुलांची नक्षी आणि येशूच्या नामाक्षरांची मुद्रा रंगविलेली आहे. पंधराव्या शतकातील हे रंग पुष्कळ फिकट झाले असले, तरी नंतरच्या काळात ते नव्याने चढविण्यात आले नाहीत. इंग्लंडमधील अशा छतांत ही गोष्ट विरळा आढळते.

जमिनीवरील बाकांची टोकेही तितकीच लक्षणीय आहेत. त्यांच्या शीर्षांवर लहान लहान मूर्ती कोरल्या असून त्यांत पापांची रूपे दाखविली आहेत : आळस अंथरुणात उठून बसला आहे, लोभ पेटीवर बसून आहे, खादाडाने फुगलेले पोट धरले आहे, चहाडखोराची जीभ बाहेर आली आहे, दारूड्या खोड्यात अडकला आहे, ढोंगी मनुष्य प्रार्थना करतो आहे, पण डोळे उघडे ठेवून. दुसऱ्या काही मूर्तींत शेतीची ऋतुमानानुसार चालणारी कामे आहेत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांना या मूर्ती समजावून सांगाव्या लागत नसाव्यात. कारागिराने शेजारीपाजारीच समोर ठेवले असावेत, असे वाटते.

१५७७ च्या ऑगस्टमध्ये उपासना चालू असताना चर्चवर वीज पडली, मनोऱ्याचे शिखर कोसळले व एक पुरुष आणि एक मुलगा मृत्युमुखी पडले. या घटनेभोवती काळ्या कुत्र्याच्या रूपात आलेल्या सैतानाची आख्यायिका वाढली. दारावरील जळक्या खुणा हे त्याच्याच नख्यांचे ओरखडे म्हणून दाखविले जातात.

मूर्तिभंजनाची लाट यानंतरची. यादवी युद्धाच्या काळात पार्लमेंटने चर्चमधील ‘अंधश्रद्ध’ प्रतिमा हटविण्याचा हुकूम काढला. त्याच्या अंमलबजावणीसाठी नेमलेला विल्यम डाउसिंग ९ एप्रिल १६४४ रोजी ब्लायबरोस आला. त्याच्या रोजनिशीत वीस देवदूत खाली काढण्याचा आणि दोनशेहून अधिक चित्रे आठ दिवसांत नष्ट करण्याचा आदेश नोंदविला आहे. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडावरील सात संस्कारांची शिल्पे तर अशी तासून काढली गेली आहेत की, त्यांची केवळ रूपरेषा ओळखू यावी. छतावरील देवदूत मात्र राहिले. एवढ्या उंचीवर पाड उभारण्याचा खर्च गावाने केला नसावा, हेच त्याचे संभाव्य कारण दिसते. बाकांवरील पापे कोणाच्या भक्तीचा विषय नसल्याने त्यांना धोका नव्हता. जॉन हॉप्टन (मृ. १४७८) या जमीनदाराची कबरही राहिली, कारण संत न मानल्या गेलेल्या व्यक्तींची स्मारके हुकुमातून वगळलेली होती, तिच्यावरील पितळी आकृती मात्र गेल्या. वेदीकडील आसनांच्या दर्शनी फळ्यांवर प्रेषितांच्या मूर्ती आहेत. संतांच्याच असूनही त्या शाबूत राहिल्या, हा येथील अपवाद. या आसनांचा उपयोग पुढे शाळेची बाके म्हणून झाला आणि एका डच मुलाने १६६५ मध्ये त्यांवर आपले नाव कोरून ठेवले.

देवदूतांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले. ते प्यूरिटन सैनिकांनी झाडलेले होत, ही समजूत दीर्घकाळ रूढ होती. परंतु अठराव्या शतकात छतात घरटी करणाऱ्या, कावळ्याच्या जातीच्या जॅकडॉ पक्ष्यांना मारण्यासाठी लोकांना पैसे देऊन गोळ्या झाडविल्या जात. देवदूतांची इजा ही द्वेषापेक्षा घरकामातील निष्काळजीपणाची आहे.

डागडुजीअभावी अखेर छत गळू लागले आणि १८८१ मध्ये इमारत धोकादायक ठरून बंद करण्यात आली. दुरुस्ती कशी करावी यावर वाद झाला. त्या काळी जुनी चर्चे ‘मूळ रूपात’ आणण्याच्या नावाखाली झिजलेले काम काढून नवे बसविण्याची पद्धत होती. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेल्या प्राचीन वास्तुसंरक्षण संस्थेने येथे तिला विरोध केला; आहे ते टिकविणे एवढेच दुरुस्तीचे काम, असे तिचे मत होते. निधीच्या तुटवड्यानेही या मतास हातभार लावला. १८८४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. १९६९ मध्ये स्नेप येथील नाट्यगृह आगीत भस्मसात झाल्यावर ऑल्डबरा संगीत महोत्सवातील मोट्सार्टच्या ‘इडोमेनिओ’ या संगीतिकेचा प्रयोग याच मध्यदालनात झाला. १६८२ मधील रंगीत लाकडी घंटावादक चर्चमध्ये अद्यापि असून उपासनेच्या आरंभी तो घंटेवर टोला देतो.