रस्ता वाचायला माणूस कसा शिकला

मंडळी, मुंबईहून जुन्या रस्त्याने पुण्याकडे निघालात आणि खोपोली मागे पडली, की बोरघाट लागतो. या घाटात शिंगरोबाचे छोटेसे देऊळ आहे. कथा अशी सांगतात, की घाटातून वाट कुठून काढावी हे गोऱ्या साहेबाला उमगेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. आणि बक्षीस म्हणून त्याच्या नशिबी आली ती बंदुकीची गोळी. ही लोककथा झाली, कागदोपत्री इतिहास नव्हे. पण घाटातून जाणारे ड्रायव्हर त्या देवळापाशी नाणे टाकतात. (टाकायचेच तर गाडी कडेला उभी करून टाका, बरं का! चालत्या गाडीतून नको.) मला त्या कथेतले एक फार पटते. वाट ज्याला दिसली तो नकाशा वाचणारा नव्हता, मेंढरांमागे हिंडून जमीन वाचायला शिकलेला माणूस होता.

रस्त्यावरचा धोका ओळखण्याची विद्या अशीच जमीन वाचण्याची विद्या आहे. पूर्वी तिची फारशी गरज भासत नसे, कारण गाडी ओढणाऱ्याला स्वतःचे डोळे होते. सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना, १८३० साली, बोरघाटात चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या पाठीवरून चढे-उतरे. बैल कड्याच्या काठाला आपण होऊन थबकतो. गाडीवान डुलक्या घेत असला तरी बैलजोडी त्याला घरी आणून सोडते, हे तुम्हाला मी काय सांगावे? मोटार मात्र आंधळी. तिला पाहायला लावील असा एकच, चाकामागे बसलेला माणूस.

हे लक्षात यायला जगाला बरीच वर्षे लागली. विलायतेत वाफेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा १८६५ साली तिथल्या पार्लमेंटने कायदा केला, की अशा गाडीच्या पुढे ६० यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालावे! वेग गावात ताशी दोन मैल आणि गावाबाहेर चार. आज हसू येते. पण विचार करा, तो निशाणवाला म्हणजे गाडीचे उसने घेतलेले डोळेच होते. निशाणाची सक्ती पुढे १८७८ साली सुटली. मग १८९६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये पेट्रोलच्या मोटारीने घेतलेला पायी चालणाऱ्याचा हा पहिला बळी मानतात. गाडी काही वाऱ्याच्या वेगाने येत नव्हती. पण बाईला असल्या गाडीची सवय नव्हती, आणि चालवणाराही नवखाच होता. दोघांनाही एकमेकांना वाचता येत नव्हते.

मग आल्या पाट्या. १९०९ साली पॅरिसला अनेक देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी धोक्याच्या चार खुणा ठरवल्या: रस्त्यातला उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वेचे फाटक. फक्त चार! पण अक्षरओळख नसलेल्यालाही कळतील अशा त्या चित्रांच्या होत्या, आणि आपल्या घाटातल्या वळणाच्या पाट्या त्यांच्याच वंशातल्या. पाटी उपकारक खरीच. पण पाटी सांगते ती जागा. वळणापलीकडे आत्ता, या घटकेला मेंढरांचा कळप बसला आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार?

ते ड्रायव्हरनेच ताडायचे. घाटात त्याची एक साधी युक्ती आहे. रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या ठिकाणावर नजर ठेवायची. ते ठिकाण तुमच्यापुढे पळत राहिले, तर वळण सौम्य. ते जागीच थांबून जवळ येऊ लागले, तर वळण कठीण, वेग तिथेच उतरवा. दिसतो आहे तेवढ्या रस्त्यात गाडी थांबली पाहिजे, हा सगळ्या घाटांचा एकच हिशेब. विलायतेच्या वाहतूक-पुस्तिकेत आकडेच दिलेले आहेत: ताशी ४८ किलोमीटर वेगाची मोटार थांबायला २३ मीटर लागतात, आणि वेग दुप्पट केला तर ७३. कोरड्या रस्त्यावर, हं. पावसाची गोष्टच वेगळी.

पावसाळ्यात रस्त्यावर बारीक खडी नव्याने पडलेली दिसली, तर आधी वर कड्याकडे पाहावे. तांबडे पाणी आडवे वाहत असले, तर माती सुटू लागली असे समजावे. उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नेम त्यासाठीच. अरुंद घाटात उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असे १९८९ च्या नियमांत लिहिले गेले. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणे म्हणजे काय असते, ते ज्याने केले त्यालाच विचारावे.

शहरात मात्र जमीन वाचून भागत नाही, माणसे वाचावी लागतात. लंडनच्या पोलिसांनी १९३० च्या दशकात हेंडनला चालकांची शाळा काढली. मोटारींच्या शर्यतीत उतरलेला लॉर्ड कॉटनम तिथे सल्लागार होता. त्या परंपरेतली एक रीत मला फार आवडते: शिकणाऱ्याने दिसेल ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची. ‘पुढे टॅक्सी उभी आहे, दार उघडेल. फुटपाथवर चेंडू दिसतो आहे, मागून मूल येईल.’ ओठांवर आले नाही, म्हणजे डोळ्यांना दिसलेच नाही! १९५५ साली ‘रोडक्राफ्ट’ या पुस्तकात ही पोलिसी विद्या सगळ्यांसाठी छापून निघाली.

पुढे अमेरिकेत मौरंट आणि रॉकवेल या दोघा संशोधकांनी चालकांची नजर कुठे कुठे जाते, ते मोजले. त्यांचा १९७२ चा लेख सांगतो, की नवखा चालक आपल्या गाडीच्या अगदी पुढ्यातच पाहत राहतो आणि आरशाकडे कमी बघतो. मुरलेल्याची नजर लांब जाते. म्हणजे अनुभव हातापायांत कमी आणि डोळ्यांत जास्त असतो. ब्रिटनने तर २००२ पासून परवान्यासाठी ही नजरच तपासायला घेतली. उमेदवाराला रस्त्याची चित्रफीत दाखवतात. धोका जितका लवकर ओळखावा तितके गुण जास्त.

आपल्या खेड्यांत असली चित्रफीत नसली, तरी रस्ता आहे. १ जून १९४८ ला अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला पहिली एस. टी. सुटली आणि मग मोटार गावोगाव आली. डांबरावर ओल्या चिखलाचे पट्टे दिसले, की जवळच शेतातून निघणारी वाट असते. हंगामात रात्री समोर काहीच दिसत नसले, तरी दिव्याविना चाललेली उसाची ट्रॉली तिथे असू शकते.

गुरुजी, बाई, हा खेळ वर्गातही होईल. फळ्यावर फाट्याचे चित्र काढा आणि विचारा, काय दिसत नाही? मुले भराभर सांगतात. फाट्यावर एस. टी. उभी असते, आणि दप्तर घेतलेले पोर तिच्या पुढून आडवे निघते. ते ड्रायव्हरला दिसत नाही. मात्र जरा लांबूनच त्याने गाडीच्या खाली पाहिले, तर चाकांच्या मधून दोन छोटे पाय दिसतात.