गाठोडे दिसते, जात दिसत नाही

मे 2020 मध्ये आम्ही काही कार्यकर्ते नाशिकजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर पाणी आणि खिचडी वाटत होतो. कसारा घाट चढून आलेली माणसे चांदवड, मालेगाव, धुळ्याच्या दिशेने चालत होती. महाराष्ट्रातून श्रमिकांची पहिली रेल्वे 1 मेच्या रात्री नाशिक रोडहूनच भोपाळला सुटली होती, पण गाडीत जागा मिळालेले मोजके आणि रस्त्यावरचे अगणित. कॅमेरा घेतलेला एक तरुण तिथे आला. झाडाखाली टेकलेल्या एका माणसाला त्याने उठवले, गाठोडे पुन्हा डोक्यावर घ्यायला लावले, चार-पाच फोटो काढले आणि "कहाँ जाना है?" एवढे विचारून तो निघून गेला. नाव विचारले नाही. कोणते काम करत होतास, गावात जमीन आहे का, कोणत्या टोल्यात घर आहे, यातले काहीच नाही. त्या मुलाला मी वाईट म्हणणार नाही, तो उन्हात फिरत होता आणि त्याचेही पोट त्याच फोटोंवर होते. पण त्या दिवसापासून स्थलांतरितांचा कोणताही फोटो पाहिला की मी आधी खालची ओळ वाचते.

8 मेच्या पहाटे औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली 16 मजूर गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरियाकडची माणसे. रुळांवर विखुरलेल्या भाकरी-पोळ्यांचा फोटो देशभर फिरला, लोक हळहळले. पण मेलेल्यांमध्ये गोंड आदिवासी होते हे किती जणांच्या लक्षात राहिले? फोटोखाली 'मजूर' लिहिले होते, तेवढ्यात विषय संपला. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी आमच्याकडे नाही. जिथे सरकारकडे आकडा नाही तिथे फोटो हाच दस्तऐवज ठरतो. म्हणून त्यात काय आले आणि काय गाळले गेले, याचा हिशेब मागावाच लागतो.

हा प्रकार आपल्याकडचाच नाही. 1936 साली डोरोथिया लँग या अमेरिकी छायाचित्रकर्तीने सरकारी कामासाठी कॅलिफोर्नियात एका वाटाणा तोडणाऱ्या मजूर बाईचा फोटो काढला. 'मायग्रंट मदर' म्हणून तो जगभर गेला, पाठ्यपुस्तकांत आला, टपाल तिकिटावर आला. लँगने त्या बाईचे नाव विचारले नव्हते. ते जगाला कळायला 1978 साल उजाडले. फ्लॉरेन्स थॉम्प्सन. आणि तेव्हा हेही कळले की ती मूळनिवासी चेरोकी घराण्यातली होती. चाळीस वर्षे अमेरिका तिच्याकडे कष्टाळू गोऱ्या शेतकऱ्याची बायको म्हणून पाहत राहिली. जिच्या लोकांची जमीन आधीच हिसकावली गेली होती, तिलाच दुष्काळाने विस्थापित झालेल्या गोऱ्या आईचे प्रतीक बनवले गेले. तिला त्या फोटोचा एक डॉलरही मिळाला नाही, ही तिची तक्रार होतीच. मला त्याहून मोठी चोरी ओळखीची वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी मांडले ते याच मनमाडला. हे वाक्य आपण सगळे भाषणात वापरतो. पण त्याच भाषणातला तपशील फार थोडे लोक वाचतात. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन होतो, त्याला पोर्टर करत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. मुंबईच्या गिरण्यांत हीच गोष्ट विणकामाच्या खात्याची. पगार जास्त तिथे आपल्याला प्रवेश नव्हता, कारण धागा तोंडाला लागतो आणि सवर्ण कामगारांना विटाळ होतो. म्हणजे गाव सोडून आलेल्या दोन माणसांचा एकाच फलाटावर फोटो काढला तर दोघे सारखेच गरीब दिसतील. उद्या कोण कुठल्या खात्यात जाईल हे मात्र जातीने आधीच ठरवलेले असते. कॅमेऱ्याला दारिद्र्य लगेच सापडते. जात शोधायला प्रश्न विचारावे लागतात.

आणखी एक गोष्ट पुरोगामी मित्रांनाही पचत नाही. त्यांच्या फोटोत स्थलांतर म्हणजे फक्त आपत्ती असते. आपल्या इतिहासात ती बाहेर पडण्याची वाटही होती. येसकरकी, मेलेली ढोरे ओढणे, वेठ, दारोदार भाकरी मागणे टाकून आपली माणसे मुंबईच्या गोदीत, गिरणीत, देवळालीच्या लष्करी छावणीत, रेल्वेत गेली. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी गावगाड्याची कठोर चिरफाड केली, ती अशा अनुभवावर उभी होती. म्हणून 2020 मध्ये 'बिचारे आपल्या मायेच्या गावाकडे निघाले' असे फोटोखाली वाचले की विचारावेसे वाटते, कोणाचे मायेचे गाव? काहींना त्या गावात पाणवठ्यापासून भांडण होते.

या पार्श्वभूमीवर सुधारक ओलवे यांचे काम मला मोठे वाटते. अकोल्यात जन्मलेले ओलवे मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार होते. त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे वर्षानुवर्षे फिरून कृष्णधवल फोटो काढले. 2005 साली नॅशनल जिओग्राफिकच्या स्पर्धेत त्या कामाचा गौरव झाला, 2016 ला त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्कार बाजूला ठेवा. महत्त्वाचे हे की ते गटारापाशी थांबले नाहीत, कामगारांबरोबर घरापर्यंत गेले. बायको, पोरे, दारू, आजारपण, अकाली मरण, सगळे त्यात आले. आणि हे कामगार जवळपास सगळे दलित आहेत, हे त्यांनी लपवले नाही.

या कामगारांची घराणी एकेकाळी मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, गुजरातमधून आलेली. आता तिसरी-चौथी पिढी, पण काम तेच. का? कारण घर नोकरीला बांधलेले आहे. बाप गेला की खोली जाईल, म्हणून शिकलेला मुलगाही झाडू धरतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाला नोकरीचा हक्क दिला. तो सोडा असे मी म्हणणार नाही, विधवेच्या चुलीचा प्रश्न आहे. पण वारसा हक्काने जिल्हाधिकाऱ्याची खुर्ची कोणाला मिळत नाही, झाडू मिळतो, हेही खरे. स्थलांतर करून आलेला माणूस शहरात येऊन पुन्हा जातीच्या कामावर स्थिर होतो, हे एका खोलीच्या फोटोतून कळते, जर फोटोग्राफर त्या खोलीत गेला असेल तर.

आपल्यातल्याच काही जणांचा आक्षेप असतो की आपल्याला घाणीत का दाखवता? सुटाबुटातले बाबासाहेब दाखवा, शिकलेली पोरे दाखवा. हा राग मला कळतो. बाबासाहेबांचे सूट घातलेले फोटो घराघरांत लागले त्यामागे स्वाभिमानाचा विचार आहे. पण मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस फोटोतून काढला म्हणून मॅनहोलमधून निघत नाही. लाज वाटायला हवी ती उतरवणाऱ्याला.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला पेठ, सुरगाण्याहून आदिवासी टोळ्या येतात. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात, पेटीवर बागायतदाराचे नाव असते, वाइन महोत्सवाचे फोटो निघतात. टोळीतली बाई त्यात कुठेतरी मागे, अस्पष्ट. आपल्या पोरांच्या हातात आता बरे मोबाइल आहेत. येत्या छाटणीला त्यांनी बागेत जावे, पण आधी बसून बोलावे, परवानगी घ्यावी, मग फोटो काढावा. नाव सांगायला ती तयार असेल तर खाली नाव, गाव, जमात, रोज किती मिळतो आणि उचल किती घेतली ते लिहावे. आणि घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचा स्टुडिओतला कोट घातलेला फोटो असेल, तर आजी आहे तोवर त्याच्या मागे लिहून घ्यावे की ते कोणत्या साली कोणत्या गावातून निघाले आणि रेल्वेच्या कोणत्या गँगमध्ये होते.